पितळेची पाटी आणि कोळशाचे हात

दिवाळी आली की माळ्यावरची भांडी खाली उतरतात, चिंचेने घासली जातात आणि त्यांच्यावरची नावे पुन्हा उजेडात येतात. गुंडावर आत्याबाईंचे नाव, परातीवर मामांचे, पितळी डब्यावर कुणा विसरलेल्या सोयऱ्याचे. तारीख असते, गावही असते. नसते ते एकच नाव : ज्याने ते भांडे ठोकून घडवले त्या तांबटाचे. भांड्यावर नाव देणाऱ्याचे असते, नाहीतर घेणाऱ्याचे. घडवणाऱ्याचे कधी नसते, आणि ते जन्मभर घासणारीचे तर नसतेच नसते. हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्यावरून कुणी भांडत नाही, कारण भांडे घरातले असते आणि घरात कोणाचे काय, हे सगळ्यांना ठाऊक असते.

पण हाच रिवाज वाफेच्या इंजिनाला लागला, म्हणजे मामला घरातला राहत नाही. इंजिनाच्या अंगावर पितळेची पाटी बसवायची आणि तीवर एखाद्या गव्हर्नराचे, राजाचे, नाहीतर जिंकलेल्या मुलखाचे नाव घालायचे, हा उद्योग विलायतेत शंभरावर वर्षे चालला आणि तिथून तो आपल्याकडेही आला. आता ती इंजिने निवृत्त झाली. काही भंगारात गेली, काही रंग देऊन संग्रहालयात आणि स्टेशनांच्या दाराशी उभी राहिली. आणि त्यांच्या अंगावरच्या नावांचे काय करायचे, यावर दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, नावे मिरवा. दुसरा म्हणतो, खरवडून काढा. मला दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे.

'डोणगावच्या मास्तराला आगगाडीचे काय पडले आहे?' असे कुणी म्हणेल. खरेच आहे. आमच्या मेहकर तालुक्यात आजही रूळ नाही. इंजिनाची शिटी ऐकायची तर शेगाव, अकोला नाहीतर वाशीम गाठावे लागते. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी आमच्या आजोबा-पणजोबांच्या वेळची. पण म्हणूनच मला बोलायचा अधिकार आहे असे मी समजतो. ज्याच्या दारावरून गाडी जाते, त्याला गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो. ज्याच्याकडे ती आलीच नाही, तो तिच्यावरची अक्षरे नीट वाचतो. शिवाय मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. पाटीवर काय लिहिले आहे आणि ते कुणी लिहिले, हे बघण्यातच माझा जन्म गेला.

प्रथम आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, अंतर एकवीस मैल. ही गाडी ओढायला तीन इंजिने होती आणि त्यांची नावे आपल्याकडे शाळेतली पोरेसुद्धा घडाघडा म्हणतात : साहिब, सिंध आणि सुलतान. अनुप्रास मोठा गोड आहे, म्हणून नावे तोंडात बसतात. पण जरा त्यांच्याकडे निरखून पाहा. पहिला साहेब. दुसरा, दहा वर्षांपूर्वी म्हणजे १८४३ साली तलवारीने घेतलेला प्रांत. तिसरा सुलतान, ज्याची सत्ता तोवर बहुतेक मुलखातून बुडालेली. नावे ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते तोच जाणे, पण वाचणाऱ्याने ती ओळीने वाचली तर सगळी गोष्ट तीन शब्दांत आली की नाही, सांगा. त्याच्याही आधी, १८५२ साली, मुंबईत रुळांच्या कामासाठी जे इंजिन धावले, त्याचे नाव 'लॉर्ड फॉकलंड'. फॉकलंड तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता.

आता दुसरी बाजू पाहा. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, सभा घेतल्या, त्यांत जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट पुढे होते. कंपनीच्या हिंदी संचालकांत ते होते. त्यांचे नाव त्या तिन्ही इंजिनांपैकी एकावरही नव्हते. बरे, नानांना निदान इतिहासात जागा मिळाली. पुढे बोरघाटातून मार्ग काढताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे डोंगर फोडीत होती. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी त्यांतली हजारो माणसे खाल्ली. १८६३ साली घाट खुला झाला. त्यांतल्या एकाचे नाव कोणत्या इंजिनाच्या पाटीवर चढले? पाटीचा आकार लहान असतो हे मी जाणतो. पण 'लॉर्ड फॉकलंड' मावते, तिथे एखादा गणू किंवा एखादी चंद्रा मावत नाही, असे नाही.

आता नावे मिरवणाऱ्यांकडे येतो. विलायतेत वाफेची इंजिने जतन करण्याचे वेड मोठे आहे, आणि ते वेड मला मनापासून आवडते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफ गेली. त्याच्या आगेमागे तिथल्या हौशी माणसांनी पदरमोड करून इंजिने विकत घेतली, गंज खरवडला, बॉयलर दुरुस्त केले आणि ती पुन्हा चालवली. अशा वाचलेल्या इंजिनांत एक आहे, त्याचे नाव 'कोल्हापूर'. होय, आपले कोल्हापूर. नंबर ४५५९३. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात १९३४ च्या डिसेंबरात बांधलेले, ज्युबिली नावाच्या जातीचे. या जातीची १९१ इंजिने होती, त्यांतली चार वाचली. बर्मिंगहॅमच्या टायस्ले येथील मंडळींनी १९६७ साली 'कोल्हापूर' विकत घेतले म्हणून ते भट्टीत गेले नाही.

ही हकिकत कळली की आपल्याकडचा माणूस लगेच छाती फुगवतो. 'बघा, साता समुद्रापार आमच्या करवीरचे नाव!' अहो, जरा थांबा. हे नाव तिथे कसे गेले ते तरी पाहा. पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाला १९३५ साली पंचवीस वर्षे झाली. त्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एका इंजिनाला 'सिल्व्हर ज्युबिली' नाव मिळाले आणि सगळ्या जातीला ज्युबिली म्हणू लागले. मग इतर इंजिनांना नावे हवी झाली. साम्राज्याच्या मुलखांची यादी समोर होतीच. क्रमांक ५५७३ न्यूफाउंडलंड, ५५७४ इंडिया, ५५७५ मद्रास, ५५७६ बॉम्बे, ५५७७ बेंगॉल अशी ओळीने पाट्यांची वाटणी झाली. पुढे संस्थानांची पाळी आली : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर, ग्वाल्हेर, त्रावणकोर, उदयपूर, इंदूर, कोल्हापूर, भोपाळ. म्हणजे गायकवाड, शिंदे, होळकर आणि करवीरचे छत्रपती, चौघांचीही राज्ये एका यादीत बसली. नकाशावर तांबडा रंग द्यावा, तशी ही नावे इंजिनांना दिली गेली. याला सन्मान म्हणत नाहीत. याला मालाची मोजदाद म्हणतात.

आणि यातली गंमत अशी की हे 'कोल्हापूर' कोल्हापुरात कधी धावूच शकले नसते. विलायती रुळांत अंतर चार फूट साडेआठ इंच. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग दरबारच्या पैशाने झाला, शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या तोंडाशी, १८९१ साली, आणि तो होता मीटरगेज, म्हणजे सव्वातीन फुटांचा. पुढे १९७१ साली तो रुंद झाला, तो साडेपाच फुटांचा. पूर्वी हे इंजिन त्या रुळांवर मावले नसते, आता त्या रुळांच्या मधोमध पडले असते. ज्या गावाचे नाव कपाळी, त्या गावाचा रूळ पायाखाली कधीच यायचा नाही, अशी ही ओळख. दरबारने आपल्या खर्चाने खरा लोहमार्ग बांधला, तो कोल्हापूरचा खरा मान. ग्लासगोतल्या पाटीने त्यात तिळभर भर पडत नाही.

आमच्या वऱ्हाडाची कथा तर याहून मासलेवाईक. त्या वेळी आमचा बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या कारभाराखाली होता. वऱ्हाडावर नाममात्र मालकी हैदराबादच्या निजामाची, कारभार मध्यप्रांताचा. ज्युबिलीच्या यादीत ५५८२ नंबरला 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' अशी पाटी निघाली आणि ५५८५ नंबरला 'हैदराबाद' अशी. मालकाची पाटी झाली, कारभाऱ्याची झाली, वऱ्हाडाची झाली नाही. ज्या वऱ्हाडातला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता, त्याचे नाव लिहायला लँकेशायरात फिरणाऱ्या इंजिनांवर जागा उरली नव्हती. मला याचे दुःख नाही. उलट बरे झाले म्हणतो. पण पाट्यांवरून आपली किंमत ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्या हिशेबाने वऱ्हाड जगात नव्हतेच.

आणखी एक उदाहरण देतो, म्हणजे या पाट्यांची भाषा स्पष्ट होईल. १९३७ साली सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा लंडन ते एडिंबरो 'कॉरोनेशन' नावाची झोकदार गाडी निघाली. तिच्यासाठी पाच इंजिनांना साम्राज्याची नावे दिली. 'डोमिनियन ऑफ कॅनडा', 'कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया', 'डोमिनियन ऑफ न्यूझीलंड', 'युनियन ऑफ साउथ आफ्रिका' आणि आपले 'एम्पायर ऑफ इंडिया'. पाचांतले चार स्वराज्य मिळालेले भाऊ, आणि पाचवे आपण, साम्राज्य. जेवायला एका पंगतीत बसवायचे, पण ताट वेगळे वाढायचे, अशातला हा प्रकार. ते 'एम्पायर ऑफ इंडिया' १९६४ साली निवृत्त झाले आणि मोडीत गेले. खुद्द साम्राज्य त्याच्या सतरा वर्षे आधीच मोडीत निघाले होते.

येथे दुसरा पक्ष सरसावून उठतो. 'मग आमचेच म्हणणे खरे. गुलामीच्या या खुणा पुसा. जतन केलेल्या इंजिनांवरची साहेबांची नावे काढा आणि आपल्या थोर पुरुषांची घाला.' वर्षानुवर्षे हे ऐकतो आहे. मुंबईला १९२५ साली विजेवर गाड्या सुरू झाल्या, त्यानंतर आलेल्या इंजिनांत एक 'सर लेस्ली विल्सन' होते आणि पुढच्या काळात एक 'सर रॉजर लम्ली'. दोघेही मुंबईचे गव्हर्नर. ही विजेची इंजिने, वाफेची नव्हेत, पण पाटीची हौस तीच. लम्लीसाहेबाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ही नावे काढावीत काय?

माझे उत्तर, मुळीच काढू नयेत. मला त्या साहेबांचे प्रेम नाही. पण जतन करणे आणि वापरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्टेशन वापरात असते. तिथून रोज हजारो माणसे ये-जा करतात आणि ज्यांचे ते स्टेशन, त्यांनी त्याला आपले नाव द्यावे हा त्यांचा हक्क आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, ते योग्यच झाले. चालत्या घराला आपल्या माणसाचे नाव हवे. पण संग्रहालयातले इंजिन हे चालते घर नव्हे, ते साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या तोंडात आपल्याला आवडेल ते वाक्य कोंबले, म्हणजे तो साक्षीदार राहत नाही, भाट होतो. 'सर रॉजर लम्ली' ही पाटी आरोपपत्र आहे. ती सांगते की १९३७ पासून १९४३ पर्यंत, 'चले जाव'ची चळवळ चिरडली जात असताना जो गव्हर्नर मुंबईच्या गादीवर होता, त्याचे नाव मुंबईकरांच्या पैशावर धावणाऱ्या इंजिनाला होते. ती पाटी काढली, तर उद्याच्या पोराला हे सांगायचे कुणी? खूण पुसल्याने गुन्हा पुसत नाही. पुरावा मात्र पुसतो.

पाटी ही काही इंजिनाची जन्मखूण नव्हे, हेही दोन्ही पक्षांनी समजून घ्यावे. जगप्रसिद्ध 'फेअरी क्वीन' घ्या. लीड्सच्या कारखान्यातून ती १८५५ साली बंगालमध्ये आली. तेव्हा तिला नाव नव्हतेच, ती ईस्ट इंडियन रेल्वेची बावीस नंबरची यंत्रणा. हे परीराणीचे नाव तिला १८९५ साली मिळाले, चाळीस वर्षे राबून झाल्यावर. १९९७ साली ती पुन्हा धावू लागली आणि चालू स्थितीतले जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून तिचा १९९८ साली गिनेस बुकात उल्लेख झाला. नाव उशिरा आले म्हणून ती खोटी ठरली नाही. पण तिच्या कहाणीत 'हे नाव चाळीस वर्षांनी आले' हे वाक्य असलेच पाहिजे. ते गाळले, तर परीराणी खरी वाटते आणि बावीस नंबरची मजूरीण नाहीशी होते.

साहेबालाही ही अडचण आली आहे बरे. त्या पाच राज्याभिषेकी इंजिनांपैकी 'युनियन ऑफ साउथ आफ्रिका' वाचले आणि धावत राहिले. पण दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीमुळे ते नाव लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले, तेव्हा काही काळ त्याला 'ऑस्प्रे' या पक्ष्याचे नाव लावावे लागले. म्हणजे साम्राज्याची यादी ज्यांनी केली, त्यांच्याच नातवंडांना ती वाचताना घसा खाकरावा लागला. नावाचे असे असते. पितळ झिजत नाही, पण त्याचा अर्थ झिजतो.

आणि सगळा दोष साहेबाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? १९५० च्या नोव्हेंबरात चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले वाफेचे इंजिन बाहेर पडले, त्याचे नाव 'देशबंधू'. १९६१ साली तिथलेच पहिले विजेचे इंजिन निघाले, त्याचे नाव 'लोकमान्य'. दोन्ही नावांपुढे मी मस्तक लववतो. पण रीत कुणाची? साहेबाचीच. त्याने गव्हर्नर लिहिला, आपण पुढारी लिहिला. चित्तरंजनच्या कारखान्याने एकंदर २,३५१ वाफेची इंजिने बांधली. १९७० साली रुंद रुळांचे शेवटचे निघाले, त्याला 'अंतिम सितारा' असे हळवे नाव दिले. त्या २,३५१ इंजिनांचे रिव्हेट ज्यांनी ठोकले, त्यांचे नाव एका तरी पाटीवर आले असते, तर मी म्हटले असते की आपण खरोखर स्वतंत्र झालो.

या पाटीच्या हव्यासाला उलटे उत्तर देणारे एक इंजिन दिल्लीच्याच संग्रहालयात उभे आहे. १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात बांधलेले, मीटरगेजचे. हिंदुस्थानच्या भूमीवर, हिंदी कारागिरांच्या हातांनी पूर्ण तयार झालेले पहिले वाफेचे इंजिन म्हणून ते ओळखले जाते. त्याचे नाव काय? नाव नाही. एफ जातीचे, नंबर ७३४. ज्या वर्षी लीड्सच्या बावीस नंबरला परीराणी म्हणायचे ठरले, त्याच वर्षी अजमेरचे हे लेकरू बिनबारशाचे राहिले. यावर आज कुणी नवे नाव चढवू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. '७३४' हाच त्याचा सन्मान आहे. ज्यांनी ते बांधले तेही हजेरीपटावर नंबरच होते.

आता आमच्या विदर्भाची गोष्ट. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी तुम्हांला ठाऊक असेल. कापूस वाहायला घातलेली लाईन. किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखालची, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके खासगी मालकीची राहिलेली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले. कापूस मँचेस्टरला जायचा, इंजिन मँचेस्टरहून यायचे, असा हा व्यवहार. सत्तर वर्षांवर त्याने गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि जागी डिझेल आले. गेली काही वर्षे तर ती गाडीच बंद आहे. त्या इंजिनाला कंपनीने 'झेडडी' ही दोन अक्षरे दिली होती. कुणा गव्हर्नराला आपले नाव त्या चिमुकल्या गाडीला द्यावेसे वाटले नाही. पण लोकांनी तिचे नाव ठेवले. ते काय ठेवले, हे यवतमाळच्या कुठल्याही म्हातारीला विचारा : शकुंतला.

पाहा, काय नाव आहे! कुठली पाटी नाही, कुठला समारंभ नाही, तोफा नाहीत. रानात जन्मलेली, राजाने ओळख विसरलेली, वाट पाहायला लावणारी आणि वाट पाहणारी. बाजाराला जाणाऱ्या बायांनी, तिकीट न काढणाऱ्या पोरांनी, टोपल्या घेऊन चढणाऱ्या माळणींनी हे नाव तोंडोतोंडी रुजवले, आणि ते कुठल्याही पितळेपेक्षा पक्के बसले. गाडी बंद पडली तरी लोक 'आमची शकुंतला' म्हणतात. 'आमचा सर लेस्ली विल्सन' असे आजवर मुंबईत कुणी म्हटल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? नाव देणे आणि नाव पडणे यांतला फरक हाच. दिलेले नाव मालकाचे असते. पडलेले नाव माणसांचे असते.

तेव्हा माझा मुद्दा इतकाच आहे. पुसू नका आणि मिरवूही नका. शेजारी खरे लिहा. आज आपल्याकडे जुनी इंजिने स्टेशनांबाहेर, रेल्वेच्या मोठ्या कचेऱ्यांसमोर चौथऱ्यांवर उभी आहेत. काळा रंग, लाल पट्टा, भोवती कुंड्या, रात्री दिवे. लोक पुढे उभे राहून फोटो काढतात. पण त्यातल्या कितींच्या शेजारी सरळ मराठीत लिहिलेला फलक असतो? हे इंजिन कुठल्या कारखान्यात, कुठल्या साली बांधले? कुठल्या मार्गावर धावले? काय ओढले, कापूस की कोळसा की दुष्काळातले धान्य? कुठल्या शेडमध्ये त्याची राख काढली जाई? शेवटची फेरी कधी? मी शाळेची मुले घेऊन अशा चौथऱ्यासमोर उभा राहिलो आहे. मुले विचारतात, 'गुरुजी, हे कुठून आले?' चौथऱ्याचे उद्घाटन कुणी केले, ते मात्र संगमरवरात कोरलेले असते. म्हणजे इंजिनावरची पाटी गेली, चौथऱ्यावर आली. माणूस तोच, फक्त खुर्ची बदलली.

माझ्या मागण्या फार नाहीत आणि महागही नाहीत. पहिली, कारखान्याची मूळ तबकडी, जिच्यावर साल आणि नंबर असतो, ती कुणी उचकटू नये, आणि ती चोरीला जाऊ नये इतकी तरी राखण असावी. मोठ्या नावाच्या पाटीपेक्षा ही छोटी तबकडी जास्त खरे बोलते. विलायतेत तर मोठ्या नावांच्या पाट्या लिलावात हजारो पौंडांना जातात आणि ज्या इंजिनावर त्या होत्या ते कधीच वजनावर विकले गेलेले असते. बादशहाचे अक्षर तोळ्यावर आणि राबलेले लोखंड मणावर, असा हा बाजार. आपण तरी तो मांडू नये.

दुसरी, जुने नाव असेल तर ते तसेच राहू द्यावे. साहेबाचे असले तरी. पण त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, तो साहेब कोण होता आणि त्याच्या कारकिर्दीत इथे काय चालले होते, ते चार ओळींत लिहावे. नवे नाव त्या इंजिनावर चढवू नये, मग ते कितीही थोर असो. थोरांना उसन्या इंजिनाची गरज नसते.

तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या इंजिनावर ज्यांनी काम केले, त्यांची नावे शोधून फलकावर घालावीत. ड्रायव्हर, फायरमन, खलाशी, शेडमधले फिटर. रेल्वेच्या दप्तरात ही नावे असतात, आणि दप्तरात नसतील तर जुन्या रेल्वे वसाहतींतल्या घराघरांत असतात. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून टनावारी कोळसा फावड्याने आत फेकणारा फायरमन कसा काम करी, हे ज्यांनी पाहिले आहे, अशी माणसे अजून हयात आहेत. विलायती हौशी मंडळींकडून आपण शिकायचे असेल तर हे शिकावे. पाट्यांचे वेड त्यांच्याकडे आहेच, पण म्हाताऱ्या ड्रायव्हरला बोलावून, त्याच्याशेजारी बसून, हे यंत्र कसे हाताळायचे हे विचारून घेण्याची नम्रताही त्यांच्याकडे आहे. आपण पाटी तेवढी उचलली आणि नम्रता बंदरातच सोडून आलो.

कुणी म्हणेल, 'मास्तर, सणासुदीच्या अंकात हे कसले भांडण काढता? फराळ करा.' फराळ करतोच आहे. पण दिवाळी हा वहीपूजनाचाही सण आहे, हे विसरू नका. वही पुजायची म्हणजे तिला हळदकुंकू लावून ठेवायची नव्हे. तिच्यात जमा कुणाची आणि खर्च कुणाचा, ते खरे लिहायचे. आपल्या लोहमार्गाच्या वहीत जमेच्या बाजूला आजवर साहिब, सिंध, सुलतान, फॉकलंड, विल्सन आणि लम्ली एवढीच नावे आहेत. खर्चाची बाजू कोरी आहे. त्या बाजूला बोरघाटात पडलेली माणसे आहेत, अजमेरचे कारागीर आहेत, मूर्तिजापूरच्या शेडमधले खलाशी आहेत. त्यांतले बरेच जण लिहायला शिकलेही नसतील. म्हणून ते लिहिण्याचे काम आता आपले आहे. म्हातारे अजून सांगायला बसले आहेत, ते आहेत तोवरच ते करायला हवे. पितळ थांबेल, माणसे थांबणार नाहीत.